एका मालकाचीं दोन दुकानें



आजचा माझा विषय बाजारांतला आहे; पण तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोंचतो, म्हणून घरांत बसून ऐकणाऱ्या मंडळींपुढें तो मांडण्यास हरकत नसावी. मी पडलों शाळामास्तर, शिकलेला मॅट्रिकपर्यंत. अर्थशास्त्रावर अधिकारानें बोलणें माझें काम नव्हे. परंतु शेंकडेवारी आणि नफातोटा हीं प्रकरणें मीं पुष्कळ वर्षें फळ्यावर शिकविलीं आहेत, आणि आज जो प्रश्न मांडणार आहें तो मुळांत शेंकडेवारीचाच आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनचा पैसा हातीं येऊं लागतो आणि धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब येथील बाजारपेठा गजबजतात. कोणाला फ्रीज हवा असतो, कोणाला कपडे धुण्याचें यंत्र, कोणाला मोठ्या पडद्याचा टीव्ही. अशा दुकानांतून माल दाखविण्याचें, समजावून सांगण्याचें आणि विकण्याचें काम बहुधा विशी-पंचविशींतलीं मुलें व मुली करतात. २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागें राहिलेले जिल्हे निवडून त्यांस ‘आकांक्षित जिल्हे’ असें नांव दिलें. महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे त्या यादींत आले, त्यांत आमचा एक होता. पाऊस बेभरंवशाचा आणि कारखाने थोडे, अशा ठिकाणीं दुकानांतली नोकरी ही लहान गोष्ट नाहीं. तींत बांधलेला पगार बेताचा असला, म्हणजे घरखर्चाला खरा हातभार लागतो तो कमिशनचा.

पूर्वीं अशीं दुकानें एकट्या मालकाचीं असत. आजहि पुष्कळ आहेत. परंतु आतां गांवोगांव शाखा असलेल्या साखळी-दुकानांचा काळ आला आहे. मुंबईस माहीमला १९६७ सालीं एका लहान दुकानापासून वाढलेलें विजय सेल्स, किंवा २००६ सालीं टाटांनीं मुंबईंतच सुरू केलेलें क्रोमा, हीं नांवें शहरांतील श्रोत्यांस परिचित आहेत. या नव्या काळांतील मोठ्या दुकानाला दोन दारें असतात: एक रस्त्यावरचें आणि दुसरें मोबाइलवरचें. मालक एकच, पण पहिल्या दारांत माणूस उभा असतो आणि दुसऱ्यांत कोणी नसतो. या दोन दारांतून एकाच वस्तूचे दोन भाव निघूं लागले, म्हणजे पहिल्या दारांत उभ्या असलेल्या माणसाचें काय होतें, हा आजचा प्रश्न. वाढीव हमीच्या विक्रींत तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

प्रथम हमी म्हणजे काय तें पाहूं. नव्या यंत्राबरोबर कारखानदार जी हमी देतो ती बहुधा एका वर्षाची असते व तिची किंमत मालाच्या किंमतींतच आलेली असते. ती मुदत संपल्यावर बिघाड झाला, तर दुरुस्तीचा खर्च आपणांवर पडूं नये, यासाठीं वेगळे पैसे भरून जें वचन विकत घ्यावयाचें, त्याला बाजारांत ‘वाढीव वॉरंटी’ म्हणतात. दुकानदाराला हें वचन विकणें आवडतें, आणि त्याला कारण आहे. टीव्हीचा भाव कोणालाहि चार ठिकाणीं विचारतां येतो. त्यामुळें त्यावरचा नफा स्पर्धेनें झिजत जातो. वाढीव हमीचा भाव असा ताडून पाहणें कठीण, कारण प्रत्येकाच्या अटी निराळ्या. म्हणून तींत नफा अधिक राहतो. हा नफा मिळवून देणाऱ्या विक्रेत्याला त्यांतील अंश द्यावा, या हेतूनें तिच्यावर कमिशन ठेवण्याची चाल पडली.

आतां घडतें तें असें. गिऱ्हाईक दुकानांत येतें. विक्रेता अर्धा तास खर्चून त्याला हमीचीं कलमें समजावून देतो. गिऱ्हाईक म्हणतें, “फ्रीज आज नेतों, हमीचें घरीं विचारून सांगतों.” बिल करतांना मोबाइलचा क्रमांक लिहून घेतलेला असतोच. चार दिवसांनीं त्या क्रमांकावर दुकानाचाच निरोप येतो कीं, आपल्या फ्रीजची तीच हमी आमच्या ऑनलाइन दुकानांत सवलतीनें मिळेल. गिऱ्हाईक बोटानें पडद्याला स्पर्श करतें आणि व्यवहार पुरा होतो. मालकाला विक्री मिळाली, गिऱ्हाइकाला सूट मिळाली. ज्यानें अर्धा तास खर्च केला त्याच्या नांवावर मात्र शून्य.

मुलांना उदाहरण घालावें तसें आंकडे मांडूं. ते केवळ समजुतीपुरते आहेत. हमीची किंमत दुकानांत २,४०० रुपये आणि विक्रेत्याचें कमिशन शेंकडा ५ धरा. म्हणजे एका हमीमागें त्याला १२० रुपये. महिन्यांत त्यानें ४० गिऱ्हाइकें पटविलीं, तर ४,८०० रुपये झाले. त्यांपैकीं २५ गिऱ्हाइकांनीं तीच हमी २,००० रुपयांना मोबाइलवर घेतली, तर विक्रेत्याच्या हातीं उरले १५ गुणिले १२०, म्हणजे १,८०० रुपये. काम तेंच, बोलणें तेवढेंच, उभें राहणेंहि तेवढेंच. प्राप्तींत ३,००० रुपयांचा खड्डा. शिवाय त्याच्या वहींत हमीची विक्री घटलेली दिसते, म्हणून वरच्या साहेबांची बोलणीं खावीं लागतात तीं वेगळींच.

येथें मुळाशीं गेलें पाहिजे. कमिशन हें कशाचें मोल आहे? व्यापार आमच्या जिल्ह्याला नवा नाहीं. आमच्या तेर या गांवाचा उल्लेख पहिल्या शतकांतील एका ग्रीक वृत्तांतांत ‘तगर’ या नांवानें आला आहे. येथील माल पैठणच्या मालाप्रमाणेंच गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. इतक्या दूरच्या खरेदीदाराची आणि विकणाराची ओळख नसते, एकमेकांवर भरंवसा नसतो. तो भरंवसा जुळविणाऱ्या मध्यस्थाला कोणी दलाल म्हटलें, कोणी अडत्या म्हटलें. पण त्याला जें द्यावयाचें तें माहितीचें आणि विश्वासाचें मोल होतें. दुकानांतला विक्रेता हाच धंदा लहान प्रमाणावर करतो. अडचण अशी कीं, माहिती ही वस्तु एकदां सांगितली म्हणजे परत घेतां येत नाहीं. फ्रीज न घेतां गिऱ्हाईक बाहेर पडलें तर फ्रीज दुकानांतच राहतो. पण समजावून दिलेली गोष्ट तें डोक्यांत घेऊन जातें. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनीं १९६० सालीं हाच मुद्दा मांडला. समजावून देण्याचा खर्च एका दुकानानें करावा आणि विक्री दुसऱ्या स्वस्त दुकानानें न्यावी, असें होऊं लागलें, तर पहिलें दुकानहि समजावून देणें सोडतें, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. आपल्या प्रसंगांत तीं दोन्हीं दुकानें एकाच मालकाचीं आहेत, एवढाच फरक. आणि खर्च मालकाचा नसून विक्रेत्याच्या वेळेचा आहे.

मालकाची बाजूहि ऐकली पाहिजे. तो म्हणेल, ऑनलाइन विक्रीला जागेचें भाडें नाहीं, विजेचा खर्च नाहीं. मग ती स्वस्त दिली तर गिऱ्हाइकाचाच फायदा नव्हे काय? शिवाय कमिशनच्या लोभानें विक्रेते नको असलेली हमीहि गळ्यांत मारतात. हा आक्षेप खोटा नाहीं. ज्याला महिनाअखेरीस ठराविक आंकडा गांठावयाचा आहे, त्याची जीभ थोडी सैल सुटते, हें आपण सर्वांनीं अनुभविलें आहे. पण म्हणून समजावून सांगणारा माणूसच काढून टाकावा, असें ठरलें तर काय होतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंत घडून गेलें आहे.

तेथें ‘सर्किट सिटी’ नांवाची विजेच्या उपकरणांची फार मोठी साखळी होती. १९४९ सालीं व्हर्जिनिया प्रांतांतील रिचमंड शहरीं तिचा जन्म झाला. वाढीव हमीच्या विक्रीवर तिच्या नफ्याची मोठी भिस्त असे आणि कमिशनवर काम करणारे तिचे विक्रेते माहितगार म्हणून ओळखले जात. फेब्रुवारी २००३ मध्यें कंपनीनें कमिशनची पद्धति बंद केली आणि सुमारें ३,९०० विक्रेत्यांना कामावरून काढलें. पुढें मार्च २००७ मध्यें, पगार अधिक पडतो एवढ्याच कारणावरून आणखी सुमारें ३,४०० नोकरांना काढून त्यांच्या जागीं स्वस्त माणसें घेण्याचें ठरविलें. नोव्हेंबर २००८ मध्यें कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००९ सालीं तिचीं दुकानें बंद झालीं. तिच्या नाशाचें हें एकच कारण होतें असें मी म्हणत नाहीं. तें वर्ष साऱ्या जगाला मंदीचें गेलें. परंतु जाणता विक्रेता गेल्यावर दुकानापाशीं केवळ भाव उरतो, आणि भावाच्या झुंजींत त्याहून बलवान प्रतिस्पर्धी बाहेर उभे असतातच.

आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण फ्रीजच्या बाजारांतलें नसून विम्याच्या बाजारांतलें आहे. विमा आणि वाढीव हमी हीं एकाच जातीचीं. दोहोंत आज पैसे देऊन उद्यांचें वचन घ्यावयाचें असतें. महाराष्ट्राला हा धंदा जुना आहे. साताऱ्यास १९१३ सालींच वेस्टर्न इंडिया लाइफ ही विमा कंपनी निघाली होती. १९५६ सालीं देशांतील २४५ विमासंस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या या महामंडळाचे तेरा लाखांहून अधिक एजंट २०२२ च्या सुमारास देशभर काम करीत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्यें महामंडळानें ‘जीवन अमर’ नांवाचा मुदतीचा विमा काढला. तो एजंटांमार्फत मिळे. लगेच सप्टेंबरमध्यें ‘टेक टर्म’ नांवाचा तशाच जातीचा विमा निघाला. तो केवळ ऑनलाइन मिळे आणि त्याचा हप्ता कमी होता. त्या योजना आतां बंद झाल्या. परंतु ऑगस्ट २०२४ मध्यें ‘युवा टर्म’ व ‘डिजि टर्म’ ही तशीच जोडी पुन्हां निघाली, एक एजंटांची आणि एक ऑनलाइन. एजंटानें म्हणावें, ‘माझें कमिशन सोडतों, पण माझ्याकडूनच घ्या,’ तर तीहि सोय नाहीं. कारण १९३८ च्या विमा कायद्याचें ४१ वें कलम कमिशनांतून गिऱ्हाइकाला सूट देण्याची मनाई करतें. मालक भाव उतरवूं शकतो, नोकराला तो उतरवितां येत नाहीं. मात्र महामंडळाच्या पद्धतींत दोन गोष्टी सरळ आहेत. दोन विम्यांचीं नांवें वेगळीं असल्यामुळें कोणता कोठें मिळतो हें सर्वांना आधींच ठाऊक असतें. आणि एजंटानें मिळवून दिलेल्या विम्याचे पुढील हप्ते भरले जातात तसतसें त्यालाहि कांहीं मिळत राहतें. दुकानांतल्या विक्रेत्याला या दोहोंतली एकहि गोष्ट सहसा लाभत नाहीं.

हा प्रश्न एकट्या दुकटया विक्रेत्याचाच आहे असेंहि नव्हे. डिसेंबर २०२१ मध्यें मालवितरकांच्या अखिल भारतीय महासंघानें मोठमोठ्या कंपन्यांना जाब विचारला कीं, एकच साबण आणि एकच दंतमंजन नव्या ऑनलाइन घाऊक व्यापाऱ्यांना स्वस्त आणि आम्हांला महाग कां? १ जानेवारी २०२२ पासून त्यांनीं असहकार पुकारला, आणि महाराष्ट्रांत कांहीं मालाचा पुरवठा थांबविण्यापर्यंत पाळी आली. वितरकांपाशीं संघटना होती, म्हणून कंपन्यांना बोलणीं करावीं लागलीं. दुकानांत उभ्या असलेल्या मुलापाशीं असें कोणतें साधन आहे?

न्यायाच्या दृष्टीनें पाहिलें तर या प्रश्नाचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच एका प्रसंगीं दिलें गेलें आहे. कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत एका कोळसा-कंपनीनें आपली मिळकत विकण्याचें काम बर्चेल नांवाच्या एजंटाकडे दिलें होतें. त्यानें खरेदीदार गांठून दिला. पुढें मालकांनीं एजंटाला बाजूला ठेवून त्याच खरेदीदाराशीं परस्पर सौदा केला, आणि ‘विक्री आम्हीं केली, तेव्हां कमिशन कसलें?’ असा पवित्रा घेतला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें. १९१० सालीं तेथें निकाल झाला तो एजंटाच्या बाजूनें. खरेदीदाराला मालकापर्यंत आणून पोंचविणें हाच कामाचा सर्वांत परिणामकारक आणि बहुधा सर्वांत कष्टाचा भाग होय, असें न्यायमूर्तींनीं मानलें. आपल्या दुकानांतला विक्रेता कायद्याच्या भाषेंत एजंट नव्हे, नोकर आहे. म्हणून तो निकाल त्याला जसाचा तसा लागू पडणार नाहीं. परंतु त्यामागचा विचार सर्वांना पटण्यासारखा आहे: शेवटचें बोट कोणीं दाबलें यापेक्षां गिऱ्हाइकाचें मन कोणीं तयार केलें, हें पाहावें.

कमिशनचा दुसराहि एक कमकुवतपणा पुष्कळ घरांत ठाऊक नसतो. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यानें मूळ वेतनाच्या व्याख्येंतून कमिशन वगळलें होतें. २०१९ सालीं मंजूर झालेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेली वेतनसंहिताहि कमिशन वेतनाबाहेरच ठेवते. तींत सुधारणा एवढीच आहे कीं, अशा वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनांत धरावयाचा. म्हणजे ज्या विक्रेत्याला पगार १२,००० आणि कमिशन ८,००० रुपये मिळतें, त्याचे ते ८,००० वेतनांत येत नाहींत. हातीं येतांना तो पैसा पगारासारखाच वाटतो. म्हातारपणच्या तरतुदींत मात्र तो मोजला जाईलच असें नाहीं. आधींच असा निराधार असलेला पैसा मालकाच्याच दुसऱ्या दारानें कमी व्हावा, ही गोष्ट म्हणूनच अधिक जाचक होते.

मग उपाय काय? मोबाइलवरचें दार बंद करा असें सांगणें वेडेपणाचें होईल. तें बंद होणार नाहीं, आणि होऊंहि नये. परंतु मालकाला तीन गोष्टी सहज करतां येतील. पहिली अशी कीं, एकाच हमीचा भाव दोन्ही दारांत एकच ठेवावा. सूट द्यावयाची तर ती दुकानांतल्या माणसालाहि देतां यावी. दुसरी अशी कीं, बिलावर विक्रेत्याचा क्रमांक असतोच. त्या बिलावरील वस्तूची हमी महिन्याभरांत ऑनलाइन घेतली गेली, तर कमिशनचा ठराविक भाग त्या क्रमांकाच्या खातीं जमा व्हावा. हा हिशेब यंत्राला कठीण नाहीं. ज्या यंत्राला गिऱ्हाइकाचा क्रमांक चार दिवस लक्षांत राहतो, त्याला विक्रेत्याचाहि राहील. तिसरी अशी कीं, हे नियम नोकरीच्या कागदावर आधींच लिहिलेले असावेत आणि हंगामाच्या मध्यें बदलूं नयेत. यांत दानधर्म कोठेंच नाहीं. विक्रेत्याला विश्वास वाटला, तर तो गिऱ्हाइकाला स्वतःच सांगेल कीं ‘आज घाई करूं नका, घरीं विचार करून मोबाइलवर घ्या,’ आणि त्याच्या बोलण्यांतली ओढाताण आपोआप कमी होईल. मघांशी जो गळ्यांत मारण्याचा आक्षेप आपण ऐकला, त्यावरहि हाच उपाय लागू पडेल असें मला वाटतें.

आतां आपणां कुटुंबवत्सल मंडळींचें काम. वाढीव हमी घेण्यापूर्वीं कांहीं प्रश्न समोरच्या माणसाला अवश्य विचारावे. वीज कमीजास्त झाल्यानें बिघाड झाला, तर तो हमींत बसतो काय? कारण पुष्कळ हमीपत्रांत तो वगळलेला असतो, आणि आमच्या भागांत विजेचा लहरीपणा कोणाला नवा नाहीं. काँप्रेसरची दहा वर्षांची हमी म्हणतात, तींत केवळ तो भाग येतो, कीं गॅस भरण्याची आणि कारागिराची मजुरीहि येते? विंधनविहिरीच्या जड पाण्यानें गिझरमध्यें किंवा धुलाईयंत्रांत क्षार सांचले, तर ती जबाबदारी कोणाची? दुरुस्तीचा माणूस गांवांतून येणार, कीं सोलापूर-लातुराहून, आणि किती दिवसांत? यंत्र दुरुस्त होण्यासारखें नसेल तर नवें मिळणार, कीं घसारा वजा करून पैसे? हमी देणारी मूळ संस्था कोणती, दुकान कीं दुसरी एखादी कंपनी? या प्रश्नांचीं उत्तरें पडद्यावरहि असतात. पण तीं बारीक अक्षरांत असतात, आणि उलट प्रश्न केला तर पडदा बहुधा ठराविक वाक्येंच पुन्हां दाखवितो.

उत्तरें समाधानकारक मिळालीं नाहींत, तर हमी घेऊं नये; कोणाच्या कमिशनसाठीं नको ती वस्तु घ्यावी असें मी कधींहि सांगणार नाहीं. परंतु उत्तरें मिळालीं, त्यांवरून आपला निर्णय झाला, आणि मग मोबाइलवर थोडी सूट दिसली, तर एकदां दुकानांत जाऊन विचारावें कीं, ‘हाच भाव येथें देतां काय?’ पुष्कळदां व्यवस्थापकाला तो देतां येतो. देतां येत नसेल, तर निदान मालकाकडे एवढें लेखी कळवावें कीं, ही हमी आम्हांला अमुक क्रमांकाच्या विक्रेत्यानें समजावून दिली. ऑनलाइन खरेदीनंतर अभिप्रायाची जी चौकट येते, ती त्यासाठीं उपयोगी पडते. गिऱ्हाइकांचीं अशीं दहा-वीस पत्रें एका शाखेबद्दल गेलीं, तर मालकाला त्यांची दखल घ्यावीशी वाटेल; कारण त्याला नोकराचें म्हणणें टाळतां येतें, गिऱ्हाइकाचें टाळणें जड जातें.

तीन वर्षांनीं भर उन्हाळ्यांत फ्रीज बंद पडला, म्हणजे हमीचा कागद हातांत घेऊन आपण पुन्हां त्याच दुकानाची पायरी चढणार आहों. त्या वेळीं तक्रार कोठें करावी, कोणाला दूरध्वनि करावा, कोणता कागद लागेल, हें सांगणारा माणूस तेथें उभा असावा, असें आपणांस वाटत असेल, तर त्याचें पोट आज चालतें कीं नाहीं, याची विचारपूस आजच केलेली बरी. दिवाळीची खरेदी करतांना एवढें ध्यानांत ठेवावें, इतकीच माझी विनंती आहे.